बार्शी लाइनच्या स्टेशनमास्तरांचं पुस्तक: संपादनाच्या नोंदी

९ जून २०२५

काम ठरलं. बार्शी लाइट रेल्वे या जुन्या छोट्या रेल्वे कंपनीत नोकरी केलेल्या एका स्टेशनमास्तरांनी १९३४ साली पदरचे पैसे घालून सोलापुरात छापून घेतलेलं आत्मकथन पुन्हा काढायचं आहे. खर्च त्यांचे नातू करणार आहेत. त्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे, मी त्यांना काका म्हणते. वितरण पुण्यातला एक छोटा प्रकाशक बघेल.

लेखक १९५१ मध्ये वारले. आपल्याकडे लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०११ अखेर तो संपला. तरीही काकांकडून एक संमतिपत्र लिहून घेतलं, कारण घरातले कागद आणि फोटोही वापरायचे आहेत.

मोबदला शब्दांवर ठरवला. पानावर ठरवला की पुढे पान म्हणजे नेमकं किती मजकूर यावर घोळ होतो. तीन हप्ते: आत्ता, संहिता पक्की झाल्यावर आणि शेवटच्या प्रुफानंतर. यंत्राने वाचलेला मजकूर सुधारणं, छापील प्रतींशी ताडून पाहणं, टिपा, सूची आणि दोन प्रुफं हे सगळं कामाच्या पत्रात आहे. तिसरं प्रूफ लागलं तर त्याचे पैसे वेगळे. घरबसल्या एकटीने काम करणाऱ्या माणसाला हे पत्र हाच आधार असतो. कितीही ओळखीचे लोक असले तरी ते पत्र मी आधी पाठवते.

शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला भाग १८०० ते १९३७ एवढ्या काळाचा आहे. त्यात या पुस्तकाची नोंद मिळाली नाही. स्वखर्चाने छापून नातेवाइकांत वाटलेली पुस्तकं अशी निसटतात.

१६ जून

काकांच्या प्रतीची पानं स्कॅन करून यंत्राकडून वाचून घेतली. नेहमीचे गोंधळ आहेतच: घ आणि ध, भ आणि म, ष आणि प, थ आणि य. हे डोळ्याला लगेच टोचतात, त्यामुळे त्यांची भीती नाही. भीती असते ती गुपचूप गळणाऱ्या खुणांची.

जुन्या छपाईत पाव, अर्धा, पाऊण यांसाठी आकड्यापुढे उभ्या रेघा असत. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. यंत्र या रेघांना पूर्णविराम समजतं आणि सफाईच्या नावाखाली काढून टाकतं. पहिल्याच प्रकरणात लेखक लिहितात, '२॥ फूट रुंदीची लाइन'. यंत्राच्या मजकुरात आलं '२ फूट'. बार्शी लाइन अडीच फुटांचीच होती, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने मुद्दाम त्या मापाची आखलेली आणि १८९७ मध्ये सुरू झालेली. दोन फुटी रूळ माथेरानच्या गाडीचे. दोन रेघा गळल्या आणि वाक्य तरीही सरळ, अर्थपूर्ण राहिलं. शुद्धलेखन तपासणारं कोणतंही साधन याला अडवणार नाही.

म्हणून पुस्तकातला प्रत्येक आकडा स्कॅनवरून पुन्हा हाताने टाइप करते आहे. पगार, मालाचं वजन, मैल, वेळा. रुपये-आणे-पैही तसेच ठेवणार, टीप मात्र देईन.

२४ जून

युनिकोडचं एक जुनं दुखणं आजच मिटवून टाकलं. 'दुसऱ्या', 'गाऱ्हाणे', 'बऱ्याच' या शब्दांतला ऱ् दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्या तऱ्हेत खाली टिंब असलेलं स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात. पण एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडत नाही. शिवाय एका प्रोग्राममधून दुसरीकडे मजकूर नेताना ते न दिसणारं चिन्ह गळलं, की 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, य च्या डोक्यावर रफार घेऊन. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर हे रोज दिसतं.

सगळीकडे टिंबवालं अक्षर करून घेतलं. 'ॲ'चंही तसंच, अ आणि चंद्र जोडलेला नको, एकच स्वतंत्र अक्षर हवं. मांडणी करणाऱ्या दादांना फाइल देताना हे दोन्ही लेखी कळवायचं.

३ जुलै

दुसरी प्रत मिळाली, जिल्ह्यातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात. बाहेर नेऊ देत नाहीत, पण फोटो काढू दिले, ग्रंथपालांनी जागाही दिली.

खिळ्यांनी छापलेल्या पुस्तकाच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. छपाई चालू असताना मात्रा मोडते, अनुस्वाराचं टिंब झिजून उडतं. काकांच्या प्रतीत 'घरी' आहे तिथे वाचनालयाच्या प्रतीत 'घरीं'. म्हणजे जुळाऱ्याने, खिळे जुळवणाऱ्या कामगाराने, टिंब लावलं होतं, ते पुढच्या कागदांवर उमटलं नाही. अशा जागा वेगळ्या रंगाने खुणावल्या.

काकांची प्रत लेखकाची स्वतःची आहे. समासात पेन्सिलने काही दुरुस्त्या केलेल्या आहेत, अक्षर त्यांचंच. सगळ्या पहिल्या चाळीस पानांत. पुढे एकही नाही.

आजपासून एक नियम ठरवून पहिल्या पानावर लिहून ठेवला: जुळाऱ्याची चूक दुरुस्त करायची, लेखकाची लकब राखायची, आणि काहीही केलं तरी त्याची नोंद वाचकाला सापडेल अशी ठेवायची.

११ जुलै

लेखनपद्धतीचा प्रश्न. पुस्तक जुन्या वळणाचं आहे: 'त्यानें सांगितलें', 'मुलें आलीं', 'नांव', 'पांच', 'सोलापुर', 'पंढरपुर'. काकांचं म्हणणं, नातवंडांना हे वाचवत नाही, आजचं करा. प्रकाशकाचंही तेच.

नियम त्यांच्या बाजूने आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली आणि ज्यांत पुढे आणखी चारांची भर पडली, त्यांतच जुन्या लेखनाबद्दल एक कलम आहे. केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाबरहुकूम छापावं, त्यानंतरचं नव्या नियमांनी. १९३४ चं पुस्तक सरळ नव्या नियमांत बसतं.

पण माझं मन धजत नाही, आणि त्याचं कारण व्याकरणाचं आहे. ती टिंबं नुसती जुनी सजावट नव्हती. 'तीं पोरें' म्हटलं की अनेकवचन, नपुंसकलिंग, लगेच कळायचं. 'मीं' म्हणजे तृतीया ('मीं केलें'), 'मी' म्हणजे प्रथमा ('मी जातों'). आणि या पुस्तकात सगळ्यात महत्त्वाचं: 'जातों' म्हणजे मी जातो, 'जातो' म्हणजे तो जातो. लेखक रोजनिशीच्या थाटात लिहितात, कर्ता गाळतात, वर्तमानकाळ वापरतात. 'सकाळीं मोडनिंबास जातों. मालगाडी उशिरां येते. जेवून परततों.' टिंबं काढली की कोण गेलं, कोण जेवलं, हे पुसलं जाईल.

आज काहीही ठरवलं नाही. काकांना फोन करून एवढंच विचारलं, की आजोबांच्या हातचं काही लिहिलेलं घरात आहे का.

२२ जुलै

आहे. बारामतीला राहणाऱ्या त्यांच्या चुलत बहिणीकडच्या ट्रंकेत दोन वह्या निघाल्या. एका वहीत हिशेब, मोडीत. दुसरीत पुस्तकाची दोन प्रकरणं, बाळबोधीत, शाईने, खाडाखोडीसकट. काका स्वतः त्या मिरजेला माझ्याकडे घेऊन आले. एवढ्या वयात गाडीने यायची गरज नव्हती, पण वह्या कुरिअरने पाठवायला त्यांचं मन तयार होईना, आणि मला ते पटलं.

संध्याकाळपर्यंत वहीची आठ पानं छापील मजकुराशी ताडली. वहीत ती टिंबं जवळजवळ नाहीतच. 'सांगितले', 'आले', 'नाव', 'घरी', 'जातो'. म्हणजे आजवर मी ज्याला लेखकाचं जुनं वळण समजून जपत होते, ते त्यांचं नव्हे. ते सोलापूरच्या छापखान्यात बसलेल्या कुणा मुद्रितशोधकाचं आहे. त्याने त्या काळच्या शिस्तीप्रमाणे पान न् पान टिंबं चढवली. नाव कुठेही छापलेलं नाही. काम नेटकं आहे, माणूस व्याकरणाचा पक्का असणार.

शब्दांची रूपं मात्र लेखकाचीच आहेत. 'तिकिटे कापिली', 'गाडी थांबविली', 'करितात' हे सगळं वहीतही आहे. छापखान्याने त्यांना हात लावलेला नाही.

२ ऑगस्ट

निर्णय झाला, काकांना आणि प्रकाशकाला लेखी कळवला. छापील १९३४ ची प्रत पायाभूत धरायची. अनुच्चारित अनुस्वार काढायचे, कारण ते लेखकाचे असल्याचा पुरावा नाही, उलट नसल्याचा आहे. गावांच्या नावांतला पूर दीर्घ करायचा. शब्दरूपं, वाक्यरचना, विसंगतीसुद्धा, लेखकाची तशीच: कुठे 'ऑफिस', कुठे 'आफीस'. टिंब काढल्याने कर्ता हरवत असेल तिथे चौकटी कंसात [मी] घालायचा, म्हणजे तो माझा आहे हे दिसेल.

आणि बदलांची यादी पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून. प्रकाशकाने विचारलं, ही यादी कोण वाचणार? मी त्यांना विष्णुभट गोडशांचं उदाहरण दिलं. अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीतला त्यांचा प्रवास चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापला तो बराच फेरफार करून. लोकांनी साठ वर्षं तोच वाचला. मूळ हस्तलिखित टिकलं म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ मध्ये मूळ पाठ छापता आला. आपल्या स्टेशनमास्तरांची बाकीची प्रकरणं हस्तलिखितात उरलेलीच नाहीत. त्यामुळे उद्या कुणाला मागे जायचं झालं तर माझी यादी एवढीच वाट असेल.

१९ ऑगस्ट

पुराच्या रात्रीचं प्रकरण. हे वहीत आहे, याचा आज आनंद वाटतो आणि ओझंही.

छापील मजकूर असा: 'पावसाचा जोर फार. पूल पाहावयास पाहिजे म्हणून स्टेशनांतील लोकांस सांगितलें. रात्रीं कंदील घेऊन रुळावरून जातों. पुलाचा एक बांध खचलेला दिसतो. लाल बत्ती दाखवून गाडी थांबवितों.' काकांच्या घरात चार पिढ्या ही गोष्ट सांगतात. आजोबांनी रात्री एकट्याने जाऊन गाडी वाचवली.

वहीत दोन वाक्यांच्या मध्ये एक आणखी वाक्य आहे: 'ग्यांगचा मुकादम जागा होता त्यास बोलावून सांगितले.' त्यापुढे 'रात्री कंदील घेऊन रुळावरून जातो.' टिंबाशिवाय. जाणारा मुकादम आहे.

काय घडलं ते वहीचं पान पाहिलं की कळतं. दोन लागोपाठ ओळी 'सांगितले' या शब्दाने संपतात. जुळाऱ्याची नजर वरच्या 'सांगितले'वरून खालच्यावर गेली आणि मधली ओळ गळली. पुढे मुद्रितशोधकासमोर जे प्रूफ आलं त्यात मुकादम नव्हताच. कर्ता शोधताना त्याला लेखकच दिसला, आणि त्याने व्याकरणाला धरून 'जातों', 'थांबवितों' अशी टिंबं दिली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

रेल्वेच्या बाजूनेही हेच जुळतं. गाडी वाटेत असताना स्टेशनमास्तर स्टेशन सोडून पुलाकडे चालत जाणार नाही. लाइन क्लिअर, म्हणजे गाडीला पुढे यायची परवानगी, द्यायला त्याला यंत्रापाशीच थांबावं लागतं. रुळांची गस्त हे गँगच्या माणसांचंच काम. मुकादमाचं नाव वहीतही नाही.

२१ ऑगस्ट

काकांशी तासभर फोन. पहिली दहा मिनिटं ते काही बोललेच नाहीत, मी वाचून दाखवत राहिले.

मग त्यांनी नेमकी शंका काढली. "ताई, आजोबांनी स्वतःच्या प्रतीत पेन्सिलने चुका दुरुस्त केल्यात ना? मग ही का नाही केली?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: पेन्सिल चाळिसाव्या पानावर थांबते, आणि हे पान सत्त्याण्णवावं आहे. त्यांनी पुढचं तपासलंच नसावं. पण 'नसावं' एवढंच मी म्हणू शकते, हेही त्यांना सांगितलं.

त्यांनी दोन दिवस मागून घेतले. मी म्हटलं, हवे तेवढे घ्या, तोवर मी दुसरी प्रकरणं करते.

२८ ऑगस्ट

काकांचा निरोप आला. वहीच्या त्या पानाचा फोटो त्यांनी मोठा करून घरातल्या सगळ्यांना दाखवला. गळलेलं वाक्य मूळ मजकुरात घ्यायला त्यांची हरकत नाही. त्यांची अट एकच: नव्वद वर्षं छापील पाठ वेगळा होता आणि घराण्याने तोच खरा मानला, हेही टिपेत यावं. अट योग्यच आहे, टिपेत तसं लिहिलं. त्या पानासमोर वहीच्या पानाचा फोटोही द्यायचा, म्हणजे वाचक स्वतः ठरवू शकेल.

संहितेचा दुसरा हप्ता काकांनी न मागता पाठवला.

१२ सप्टेंबर

गणपती झाले, आता सगळे छापखाने दिवाळी अंकांच्या मागे. आपलं पुस्तक नोव्हेंबरच्या आधी यंत्रावर चढणार नाही. मलाही दोन अंकांची प्रुफं आहेत. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग याच दोन महिन्यांत येतो, त्यामुळे सकाळ अंकांना आणि रात्र स्टेशनमास्तरांना.

टिपांसाठी वर्षं तपासली. पंढरपूरचा फाटा १९०६, लातूर १९११, मिरज १९२७, आणि कंपनी जाऊन लाइन सरकारकडे आली १९५४ मध्ये. लेखकाने दिलेली पहिली तिन्ही सालं बरोबर आहेत. कुर्डूवाडीचं जुनं स्टेशन 'बार्शी रोड' म्हणून येतं, त्याला टीप दिली आणि सूचीत दोन्ही नावांखाली पानं दिली. गावाचं नाव मजकुरात 'कुर्डुवाडी' आणि 'कुर्डूवाडी' असं दोन्ही आहे, तसंच ठेवलं. सूचीला मात्र एकच रूप लागतं.

सूचीत 'मुकादम (ग्यांगचा)' अशी नोंद केली. पुस्तकभर तो पाच ठिकाणी येतो.

१४ ऑक्टोबर

पहिलं प्रूफ. नाशिकची माझी एक सहकारी अशी कामं माझ्याबरोबर फोनवर करते. ती १९३४ च्या प्रतीतून मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट, आणि मी प्रुफावर बोट फिरवते. पुढच्या महिन्यात तिच्या पुस्तकासाठी मी वाचेन. मनातल्या मनात वाचताना मेंदू चुका बुजवून पुढे जातो, कानाला ते जमत नाही. मधली एखादी ओळ गळली असेल तर ती याच पद्धतीत सापडते, आणि या पुस्तकात गळलेल्या ओळीचं मोल काय ते आम्हा दोघींना नीट ठाऊक आहे.

मांडणीत दोन ठिकाणी ऱ् फुटला होता. दादांनी लगेच दुरुस्त केलं.

३ नोव्हेंबर

दुसरं प्रूफ, आणि पानांचा हिशेब. मजकूर, टिपा, सूची धरून १७२ पानं. परिशिष्ट नऊ पानांचं. एकूण १८१. सोळा पानांचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) धरला तर अकरा फर्म्यांत १७६ बसतात. वरच्या पाच पानांसाठी आणखी अर्धा फर्मा जाईल. प्रकाशकाचा फोन, परिशिष्ट काढूया, हवं तर संकेतस्थळावर ठेवू.

मी नाही म्हटलं, आणि कारण सांगितलं. संकेतस्थळ प्रकाशकासोबत बंद होतं. पुस्तक वाचनालयात पडून राहतं आणि कुणीतरी नव्वद वर्षांनी त्याचे फोटो काढायला येतं. बदलांची यादी त्याच बांधणीत असली पाहिजे. नुसती अडून बसले नाही, तोडगाही दिला: परिशिष्ट दोन रकान्यांत, अक्षर दोन पॉइंटांनी लहान, सारख्या प्रकारचे बदल एकदाच सांगून पुढे फक्त पान आणि ओळीचे आकडे. दादांनी रात्री करून पाठवलं. चार पानं झाली. १७६.

१९ नोव्हेंबर

छपाईची परवानगी दिली. शेवटच्या हप्त्याचं बिल काकांना पाठवलं. ते व्यक्तिशः देणार असल्याने टीडीएसचा प्रश्न नाही.

श्रेयपानावर माझ्या नावाच्या वर एक ओळ घालून घेतली: 'पहिल्या आवृत्तीचे मुद्रितशोधन: सोलापूर येथील छापखान्यातील अज्ञात मुद्रितशोधक, १९३४'. काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, अवश्य घाला.

सगळ्या फाइल्स, दोन्ही प्रतींचे फोटो, वहीचे स्कॅन आणि या नोंदी एका पेन ड्राइव्हवर काकांना, दुसऱ्यावर वाचनालयाला. मोडीतल्या हिशेबाची वही अजून वाचून घ्यायची आहे. तिच्यात गँगच्या माणसांच्या मजुरीच्या नोंदी असाव्यात असं पानं चाळताना वाटलं. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना पुढच्या आठवड्यात भेटायचं ठरलं आहे.